इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि ६ अँपिअरचा स्मार्ट चार्जर : एक परीक्षण

नाशिकच्या बाजारात १२ व्होल्ट, ६ अँपिअरचे जे स्वयंचलित चार्जर सध्या मिळतात, त्यांपैकी एकाचे हे परीक्षण आहे. त्यावरचे नाव देण्यात फारसा अर्थ नाही, कारण तोच पिवळा डबा, तोच छोटा पडदा आणि तीच बटणे वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विकली जातात आणि आज दुकानात दिसलेले नाव पुढच्या मालात बदललेले असते. मी हा चार्जर द्वारका भागातील बॅटरीच्या एका जुन्या दुकानातून घेतला आणि घरच्या इलेक्ट्रिक गाडीच्या छोट्या बॅटरीसाठीच वापरला. पेट्रोलच्या गाडीला किंवा दुचाकीला तो कसा पडतो, हा विषय येथे घेतलेला नाही. माझे मत आधीच सांगते : एक मोड वगळला तर हा चार्जर आपले काम नीट करतो, परंतु इलेक्ट्रिक गाडी रोज चालवणाऱ्या बहुतेक घरांना त्याची गरजच नाही.

गाडीच्या तळाशी काहीशे व्होल्टची मोठी बॅटरी असताना बॉनेटखाली शिशाची ही जुन्या पद्धतीची बॅटरी कशाला ठेवली आहे, हे समजल्याशिवाय चार्जरचे मोल ठरवता येत नाही. गाडी बंद असते तेव्हा मोठी बॅटरी उरलेल्या गाडीपासून तोडलेली असते. तिच्या मार्गात कॉन्टॅक्टर नावाचे दणकट विद्युतचुंबकीय स्विच असतात आणि ते जोडून धरणारी कॉइल १२ व्होल्टवर चालते. गाडी बंद केली किंवा अपघातात एअरबॅग उघडली की कॉइलचा पुरवठा थांबतो, स्विच आपोआप सुटतात आणि धोकादायक दाब (व्होल्टेज) बॅटरीच्या पेटीतच अडकून राहतो. ही रचना सुरक्षिततेसाठी आहे आणि ती योग्यच आहे. मात्र तिचा दुसरा परिणाम असा, की छोटी बॅटरी उतरली तर मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, होत नाही. अशा वेळी घरचा चार्जिंग पॉइंट जोडूनही उपयोग होत नाही, कारण चार्जरशी संवाद साधणारे नियंत्रकसुद्धा १२ व्होल्टवरच जागे होतात. दरवाजांची कुलुपे, दिवे, भोंगा, वायपर, स्टिअरिंगला मदत करणारी मोटर आणि मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा हे सगळे याच छोट्या बॅटरीच्या जिवावर सुरू होते.

पेट्रोल गाडीची बॅटरी थकली की सकाळी स्टार्टर कण्हतो आणि मालकाला आठवडाभर आधी सूचना मिळते. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टर नाही. काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर ओढणारे कोणतेही यंत्र तिच्यात नसल्याने छोटी बॅटरी अगदी कमजोर होईपर्यंत आपले काम निमूटपणे करत राहते. मग एखाद्या दिवशी डॅशबोर्डवर ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या सूचना एकदम उजळतात, आणि मालकाला वाटते की गाडीत मोठा बिघाड झाला आहे. अशा सूचनांचा घोळका दिसला, तर वर्कशॉपला फोन करण्याआधी १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब मोजून पाहणे शहाणपणाचे ठरते.

गाडी चालू असताना किंवा मोठी बॅटरी चार्ज होत असताना छोट्या बॅटरीला डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचे उपकरण भरत असते. पेट्रोल गाडीतल्या अल्टरनेटरची जागा त्याने घेतलेली आहे. तेव्हा छोट्या बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात. म्हणून सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात रोज गाडीने जाणाऱ्या माणसाची छोटी बॅटरी रोजच्या रोज भरली जाते आणि तिला बाहेरच्या चार्जरची आवश्यकता भासत नाही. अडचण उभ्या गाडीची असते. कुलूप लावल्यावरही किल्लीचा संदेश ऐकणारा भाग, अलार्म आणि मोबाइल नेटवर्कशी जोडलेला संच थोडा थोडा प्रवाह घेत राहतात. हा प्रवाह ४० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास आणि ३० दिवसांत सुमारे २९ अँपिअर-तास खर्ची पडतात. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी हा तीन चतुर्थांश साठा झाला. त्यात कोणी ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीची तपासणी करण्याच्या जोडणीत) एखादे उपकरण खोचून ठेवले असेल किंवा गाडी उभी असतानाही चालणारा डॅशकॅम बसवला असेल, तर महिना पुरा होण्याची वाटही पाहावी लागत नाही.

परगावी गेलेला मालक मोबाइलवरील ॲप उघडून ‘गाडी ठीक आहे ना’ हे पुन्हा पुन्हा पाहतो, तेव्हाही बॅटरी खर्च होते. प्रत्येक वेळी ॲपने ताजी माहिती मागितली की गाडीतले अनेक नियंत्रक झोपेतून उठतात आणि पुन्हा झोपी जाईपर्यंत काही अँपिअर ओढतात. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आजी-आजोबांनी गंगापूर रोडवरच्या पार्किंगमधील गाडीची अशी रोज चौकशी केली, तर त्या काळजीनेच बॅटरी उतरू शकते. काही गाड्यांमध्ये यावर उपाय केलेला आहे. उदाहरणार्थ, ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकमध्ये उभ्या गाडीत छोटी बॅटरी कमी झाल्यास मोठ्या बॅटरीतून तिला भरण्याची सोय आहे. मात्र ही सोय प्रत्येक गाडीत नसते, आणि जिथे असते तिथेही मोठी बॅटरी फार खाली गेली असल्यास ती सहसा काम करत नाही. आपल्या गाडीत ती आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

नाशिकचा उन्हाळा यात आणखी भर घालतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून जास्त उष्णता साठते. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप थोडी उतरते आणि तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि तेवढी क्षमता सहसा पूर्णपणे परत येत नाही. म्हणूनच ‘उतरली की चार्ज करू’ या धोरणापेक्षा ‘उतरू द्यायची नाही’ हे धोरण स्वस्त पडते. यासाठीचे पहिले साधन माझ्या मते चार्जर नसून काही शे रुपयांचा मल्टिमीटर आहे. गाडी काही तास शांत उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या टोकांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले, तर साधी शिसे-आम्ल बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या सुमारास ती तीन चतुर्थांश, १२.२ ला जवळजवळ अर्धी आणि १२ ला पाव उरलेली असते. एजीएम जातीच्या, म्हणजे काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवलेल्या बंद बॅटरीत हे आकडे थोडे वर सरकतात. भरलेल्या अवस्थेत ती १२.८ किंवा जास्त दाखवते. दार उघडताच गाडी जागी होते आणि आकडा खाली येतो. त्यामुळे बॉनेट आधी उघडून ठेवावे, गाडीला कुलूप लावावे, किल्ली दूर ठेवावी आणि मगच वाचन घ्यावे.

आता चार्जरकडे वळते. त्यात साध्या बॅटरीचा, एजीएमचा, लिथियमचा आणि ‘दुरुस्ती’चा असे चार मोड आहेत. चिमटे बॅटरीला लागेपर्यंत त्याच्या टोकांवर दाब येत नाही, त्यामुळे जोडताना ठिणगी उडत नाही. चिमटे उलटे लावले तर तो सूचना दाखवून गप्प बसतो. या दोन गोष्टी प्रत्येक चार्जरमध्ये असायलाच हव्यात आणि येथे त्या आहेत. साध्या मोडमध्ये आधी तो पूर्ण ६ अँपिअर देतो, दाब १४.४ व्होल्टवर पोहोचला की तिथे थांबतो, प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो आणि शेवटी १३.६ व्होल्टवर उतरून बॅटरी केवळ राखत बसतो. एजीएम मोडमध्ये हीच मर्यादा १४.७ आहे. पडद्यावरचे आकडे आणि माझ्या मल्टिमीटरचे आकडे यांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. या किमतीत इतका काटेकोरपणा मला अपेक्षित नव्हता. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ६ अँपिअर हा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्शाहून थोडा जास्त असला तरी चालण्याजोगा आहे. अर्धी उतरलेली बॅटरी भरायला एक रात्र पुरते आणि विजेचा खर्च अर्ध्या युनिटच्या आतबाहेर येतो. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो निर्धास्त चालतो, कारण तो जेमतेम १०० वॉट घेतो.

पडद्यावर तापमानही दिसते आणि येथे मात्र खरेदीदाराची सहज दिशाभूल होते. हा आकडा चार्जरच्या डब्यातला आहे, बॅटरीचा नाही. बॅटरीच्या अंगाला लावायचा संवेदक पेटीत नाही, त्यामुळे तापमानानुसार दाब कमी-जास्त करण्याचे काम हा चार्जर खऱ्या अर्थाने करू शकत नाही. शिशाच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट कमी दाब द्यावा लागतो. म्हणजे ४० अंशांना १४.४ ऐवजी १४.१ व्होल्ट योग्य ठरतात. उन्हाळ्यात भर दुपारी हा चार्जर लावला तर तो बॅटरीला गरजेपेक्षा जास्त ताणेल. यावर तोडगा सोपा आहे : मे महिन्यात तो रात्री लावावा आणि सकाळी काढावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलट थोडा जास्त दाब लागतो, पण तिथे होणारे नुकसान एवढेच, की बॅटरी भरायला अधिक वेळ लागतो.

‘दुरुस्ती’ मोडबद्दल स्पष्ट लिहायला हवे. पेटीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत त्याचीच जाहिरात आहे आणि इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाने नेमके तेच बटण विसरून जायला हवे. या मोडमध्ये दाब १५.५ व्होल्टच्या पलीकडे ठोक्याठोक्याने जातो. जुन्या, झाकणे उघडता येणाऱ्या, पाणी भरता येणाऱ्या बॅटरीला गाडीबाहेर काढून, मोकळ्या हवेत हा उपचार कधीकधी लागू पडतो. एजीएम बॅटरी झडपेने बंद असते. जास्त दाबाने तिच्यातला वायू झडपेतून निघून गेला की गेलेले पाणी परत घालता येत नाही. शिवाय बॅटरी गाडीत जोडलेली असताना हा दाब गाडीतल्या सगळ्या नियंत्रकांपर्यंत पोहोचतो आणि त्यांची रचना सहसा १४-१५ व्होल्टच्या आसपासच्या दाबासाठी असते. दुकानातल्या काकांनी पेटी हातात देतानाच सांगितले होते, “ताई, हा दुरुस्तीचा दिवा बॅटरी गाडीवर असताना लावायचा नाही. बॅटरी आमच्याकडे आणा, आम्ही बघू.” विकणाऱ्याने स्वतःच्या मालाविषयी असे बजावणे दुर्मीळ आहे, म्हणून त्या दुकानाला माझे गुण जास्त आहेत.

त्याच दुकानात भिंतीलगत एका ओळीत, एकमेकींना मालिकेत जोडलेल्या बऱ्याच बॅटऱ्या मोठ्या चार्जरवर लावलेल्या होत्या. ट्रॅक्टर, इन्व्हर्टर आणि ट्रकच्या बॅटऱ्यांसाठी ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. प्रवाह सगळ्यांना सारखाच मिळतो, पण प्रत्येकीवर किती दाब पडतो याकडे कोणी पाहत नाही. एजीएम बॅटरी त्या ओळीत बसवू देऊ नये. काकांनी ती वेगळ्या चार्जरवर लावायची तयारी दाखवली, तथापि शहरात सगळीकडे हे होईलच असे नाही. बॅटरी सोपवताना तिचा प्रकार तोंडी सांगावा आणि ती ओळीत लावणार का, हे विचारावे.

चार्जर जोडण्याचा क्रम या उपकरणाच्या कागदावर अर्धाच छापलेला आहे, म्हणून तो येथे देते. गाडी पूर्ण बंद असावी, मोठ्या बॅटरीचे चार्जिंग सुरू नसावे आणि किल्ली गाडीपासून लांब असावी. चार्जर भिंतीच्या सॉकेटमध्ये घालण्याआधी लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा. काळा चिमटा मात्र बॅटरीच्या ऋण टोकाला न लावता गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या धातूच्या अर्थिंग बिंदूला लावावा. याची दोन कारणे आहेत. पुष्कळ गाड्यांत ऋण टोकावरच प्रवाह मोजणारा छोटा संवेदक बसवलेला असतो. त्याला टाळून थेट टोकाला चार्ज दिला तर गाडीच्या हिशेबात तो प्रवाह जमाच होत नाही आणि बॅटरी भरलेली असूनही गाडी तिला रिकामी समजत राहते. दुसरे असे, की चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघू शकतो आणि हवेतले त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की ठिणगी पुरेशी होते. ती ठिणगी बॅटरीपासून दूर पडलेली बरी. मग सॉकेट चालू करावे, मोड निवडावा आणि पडद्यावर निवडलेला मोडच दिसतो आहे, हे पाहावे. काढताना आधी सॉकेट बंद, मग काळा चिमटा, शेवटी लाल. नारिंगी रंगाच्या कोणत्याही तारेला किंवा जोडणीला हात लावायचा नाही. तो रंग उच्च दाबाची खूण आहे. काही कंपन्या बॅटरी गाडीत असताना बाहेरचा चार्जर लावू देत नाहीत, तेव्हा पुस्तिकेतील सूचना या परिच्छेदापेक्षा वरचढ मानावी.

बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर हा चार्जर कामाला येत नाही, हे त्याचे मोठे वैगुण्य आहे. टोकांवर पुरेसा दाब दिसल्याशिवाय तो बॅटरी ओळखतच नाही. अशा वेळी शेजाऱ्याच्या गाडीकडून जंप केबलने मदत घेता येते, कारण इलेक्ट्रिक गाडीला फक्त कॉन्टॅक्टर जोडण्यापुरता आणि संगणक जागे करण्यापुरता प्रवाह हवा असतो; एकदा ‘रेडी’ झाली की कन्व्हर्टर पुढचे सांभाळतो. उलट दिशेची मदत मात्र करू नये. पेट्रोल किंवा डिझेल गाडीचा स्टार्टर ओढतो तेवढा प्रवाह देण्यासाठी इलेक्ट्रिक गाडीची छोटी बॅटरी आणि तिचा कन्व्हर्टर बनवलेले नाहीत. कसारा घाटात कोणी केबल घेऊन हात दाखवला, तर विनम्रपणे नकार द्यावा आणि त्याला मेकॅनिकचा नंबर मिळवून द्यावा. भरून झाल्यावर काही तासांनीही बॅटरी १०.५ व्होल्टच्या आसपासच दाखवत असेल, तर सहापैकी एक कप्पा गेला आहे असे धरून नवी बॅटरी घ्यावी. चार्जरला दोष देऊ नये.

किरकोळ तक्रारी तीन आहेत. पेटीवर पाण्यापासून सुरक्षित असल्याचा दावा आहे, पण डब्याला पंखा आणि हवेच्या फटी आहेत, म्हणजे पावसाळ्यात उघड्या पार्किंगमध्ये तो ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. पंख्याचा आवाज शांत रात्री पहिल्या मजल्यापर्यंत येतो. आणि वीज गेली-आली की तो निवडलेला मोड विसरून पुन्हा साध्या मोडमध्ये सुरू होतो. साध्या मोडमध्ये परतणे सुरक्षित आहे, तरी एजीएम बॅटरी त्यात पूर्ण भरत नाही. सकाळी पडदा पाहूनच चिमटे काढावेत.

लिथियम मोड मी वापरायचा नाही असे ठरवले आहे, कारण माझ्या गाडीत ती बॅटरी नाही. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनीही घाई करू नये. काही उत्पादकांनी शिशाची बॅटरी सोडून दिली आहे. टेस्लाने २०२१ पासून छोट्या बॅटरीसाठी लिथियम-आयन वापरायला सुरुवात केली आणि सायबरट्रकमध्ये १२ ऐवजी ४८ व्होल्टची व्यवस्था आणली. अशा बॅटऱ्यांचा दाब आणि त्यांच्या आतले नियंत्रण वेगळे असते, तेव्हा चार्जरवर ‘लिथियम’ लिहिले आहे एवढ्याने जोडी जुळत नाही. शिशाच्या जागी बाजारातून एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी आणून बसवणाऱ्यांनी तर गाडीचा कन्व्हर्टर तिला किती व्होल्ट देतो, हे आधी मोजावे, आणि वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

चार्जरची किंमत अडीच हजार रुपयांच्या घरात आहे. रोज गाडी बाहेर काढणाऱ्याने तो न घेता मल्टिमीटर घ्यावा आणि महिन्यातून एकदा वाचन घ्यावे. वर्षातून काही आठवडे गाडी बंद ठेवणारे, मुंबई-पुण्याला राहून नाशिकच्या घरी दुसरी गाडी ठेवणारे किंवा दोन गाड्यांपैकी एक क्वचित वापरणारे यांना मात्र हा पैसा वसूल होतो. त्यांच्यासाठी राखण्याचा टप्पा, म्हणजे १३.६ व्होल्टवर दीर्घकाळ जोडून ठेवण्याची सोय, हाच खरेदीचा मुख्य हेतू असायला हवा. घरात कोणी नसताना तो अनेक दिवस चालू ठेवणे मला पटत नाही. त्यापेक्षा शेजाऱ्याला किल्ली देऊन दोन आठवड्यांतून एकदा गाडी तासभर ‘रेडी’ करून ठेवायला सांगणे सुरक्षित आहे आणि त्याला खर्चही येत नाही. चार्जर घेतलाच, तर चिमट्यांऐवजी बोल्टने कायम बसवता येणारी कड्यांची तार वेगळी मागून घ्यावी. ती पेटीत येत नाही, आणि दुकानातली तार घेताना तिच्या लाल बाजूला टोकाजवळ फ्यूज बसवलेला आहे का, हे काउंटरवरच पाहावे.